तपासनीसासाठी न लिहिलेल्या नोंदी

वृद्धांच्या सहाय्यक निवासात तपासणीला गेले की टेबलावर सर्वांत आधी फाइल येते. परवाना, अग्निसुरक्षेचा दाखला, लिफ्टच्या देखभालीचा करार, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची पत्रके, औषधविषयक धोरण, तक्रारींची नोंदवही असे सारे काही रंगीत पट्ट्या लावून क्रमवार मांडलेले असते. ही फाइल मी बारकाईने वाचते, कारण जिथे फाइलसुद्धा धड नाही तिथे पुढचे काही धड असण्याची शक्यता फार कमी असते. मात्र फाइल उत्तम आहे म्हणून निवास सुरक्षित आहे, असा निष्कर्ष मी काढत नाही. फाइलमधला प्रत्येक कागद कोणीतरी तो वाचेल या जाणिवेने लिहिलेला असतो, आणि वाचणारा कोण असेल हेही लिहिणाऱ्याला ठाऊक असते. माझा विश्वास बसतो तो दुसऱ्याच कामासाठी तयार झालेल्या नोंदींवर: पगारपत्रक, रहिवासी मदतीसाठी दाबतात त्या कॉल बेलच्या यंत्रणेत आपोआप साठणारी वेळ, औषधांच्या दुकानाची बिले, देखभाल करणाऱ्याच्या खिशातली वही. सुरक्षेची खरी स्थिती या नोंदींतून कळते, आणि नियमपालनाच्या चर्चेत त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे माझे मत आहे.

आधी या निवासांचे स्वरूप स्पष्ट करायला हवे. सहाय्यक निवास म्हणजे रुग्णालय नव्हे आणि पूर्णवेळ शुश्रूषा देणारे नर्सिंग होमही नव्हे. इथे राहणाऱ्या माणसाची स्वतंत्र खोली असते, स्वतःचे सामान असते, येण्याजाण्याचे स्वातंत्र्य असते. आंघोळ, कपडे, औषधे, जेवण यांपैकी ज्यात मदत लागेल ती मिळते. या मधल्या स्थानामुळे नियमांचीही ओढाताण होते. अमेरिकेत नर्सिंग होमसाठी १९८७च्या कायद्याने आलेली केंद्रीय मानके आहेत, पण सहाय्यक निवासांचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते, त्यामुळे परवान्याच्या श्रेणीपासून तपासणीच्या वारंवारितेपर्यंत सगळे राज्यागणिक बदलते. इंग्लंडमध्ये शुश्रूषा देणाऱ्या आणि न देणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या केअर होमची नोंदणी आणि तपासणी केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था करते. तिथले तपासनीस पाच प्रश्न विचारतात: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेनुसार बदलते का आणि तिचे नेतृत्व नीट आहे का. प्रश्न चांगले आहेत. अडचण असते ती उत्तर कुठे शोधायचे याची.

सहाय्यक निवासातला सर्वांत मोठा धोका नियम मोडल्यामुळे येत नाही; तो काळ पुढे गेल्यामुळे येतो. प्रवेशाच्या वेळी माणूस काठी टेकत का होईना, स्वतः जिना उतरू शकत असतो. त्याच्या खोलीचा मजला, आग लागल्यावर बाहेर काढण्याची योजना, रात्रपाळीतल्या माणसांची संख्या हे सगळे त्या दिवशीच्या त्याच्या क्षमतेवर ठरते. चार वर्षांनी तोच माणूस व्हीलचेअरवर असतो, त्याला रात्री ऐकू येत नाही, आणि झोपेची गोळी घेतल्यावर त्याला जागे करायलाच वेळ लागतो. कोणीही काहीही चुकीचे केलेले नसते. फक्त योजना चार वर्षांपूर्वीच्या माणसासाठी असते. म्हणून आगीच्या वेळी कोणाला कसे बाहेर काढायचे याची यादी मी मागते आणि तिच्यातील नावांपुढचे 'स्वतः चालू शकतात' हे शब्द जेवणाच्या वेळी भोजनकक्षाच्या दारात उभी राहून पडताळते. यादीप्रमाणे स्वतः चालणारी किती माणसे प्रत्यक्षात दुसऱ्या कोणाच्या हाताला धरून येतात, हे त्या दारात उभे राहून फाइलपेक्षा लवकर समजते.

रात्रीच्या फेरीच्या तक्त्याची गोष्ट अशीच. बहुतेक निवासांत रात्री ठरावीक अंतराने प्रत्येक खोलीत डोकावून पाहायचे आणि तक्त्यात वेळ लिहून सही करायची असा नियम असतो. अनेकदा माझ्यासमोर येणाऱ्या तक्त्यात रकाने असे भरलेले असतात: १२:००, १:००, २:००, ३:००. वीस खोल्या, आणि विसांपुढे तीच वेळ. एकाच माणसाने वीस खोल्यांत एकाच मिनिटाला डोकावणे शक्य नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शिवाय सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने, हात न उचलता केल्यासारख्या असतात. खरा तक्ता विस्कटलेला असतो. त्यात १२:०७ असते, १:२० असते, मध्येच एक रकाना कोरा असतो आणि समासात 'सातमध्ये पडल्या, तिथेच थांबले' असे लिहिलेले असते. असा तक्ता दिसला की मला समाधान वाटते आणि अनेक व्यवस्थापकांना लाज वाटते. हे नेमके उलट व्हायला हवे. नीटनेटक्या नोंदीला गुण देण्याची सवय तपासणी यंत्रणेनेच लावली आहे, आणि कर्मचारी त्या सवयीला साजेसे वागतात.

अशा तक्त्याशी ताडून पाहायला कॉल बेलची नोंद उपयोगी पडते. आजकालच्या बऱ्याच यंत्रणा बेल कधी वाजली आणि कधी बंद केली गेली ते साठवून ठेवतात. ही माहिती बिघाड शोधण्यासाठी असते, त्यामुळे तिच्यावर कोणी हात फिरवलेला नसतो. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान एखादी बेल चाळीस मिनिटे वाजत राहिली असेल, आणि त्याच वेळी तक्त्यात 'सर्व ठीक' अशी सही असेल, तर मला आणखी पुरावा लागत नाही. जिथे यंत्रणा अशी नोंद ठेवत नाही तिथे मी रहिवाशांनाच विचारते. 'इथे बरे वाटते का?' या प्रश्नाला जवळजवळ सगळे 'हो' म्हणतात, कारण व्यवस्थापक मागेच उभा असतो आणि तपासनीस निघून गेल्यावर त्याच्याबरोबर त्यांनाच राहायचे असते. 'काल रात्री बेल दाबली होती का, आणि कोण आले?' या प्रश्नाला मात्र खरे उत्तर मिळते. एका आजींनी मला शांतपणे सांगितले होते की त्या बेल दाबतच नाहीत, कारण 'रात्रीची मुलगी एकटीच असते, तिला कशाला पळवायचे.' रात्रपाळीच्या मनुष्यबळाविषयी याहून नेमके विधान मला कुठल्याही अहवालात वाचायला मिळालेले नाही.

मनुष्यबळाचा मुद्दा अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या अनुभवावरून चांगला समजतो. तिथे २००८पासून प्रत्येक नर्सिंग होमला तारांकित मूल्यांकन मिळते आणि ते लोकांना पाहता येते. त्यातला मनुष्यबळाचा भाग आरंभी संस्थांनीच वार्षिक तपासणीच्या सुमारास दिलेल्या आकड्यांवर बेतलेला होता. २०१८मध्ये ते आकडे दररोजच्या पगारपत्रकांवरून घ्यायला सुरुवात झाली आणि अनेक ठिकाणांचे तारे उतरले. शनिवार-रविवारी माणसे किती कमी असतात, नोंदणीकृत परिचारिका कोणत्या दिवशी मुळीच नव्हती, हे त्यातून प्रथमच एवढ्या स्पष्टपणे दिसले. पगारपत्रक हे पैसे देण्यासाठी असते. ते खोटे लिहायचे तर न आलेल्या माणसाला पगार द्यावा लागतो. सहाय्यक निवासांनाही हीच कसोटी का लावू नये, याचे पटणारे कारण मला अजून कोणी दिलेले नाही. पाळ्यांचा भिंतीवरचा तक्ता मी पाहते, पण सही करण्याआधी त्या महिन्याचे पगारपत्रक मागते.

रात्रीवर माझा एवढा भर का, याचे उत्तर दुर्घटनांच्या इतिहासात आहे. स्कॉटलंडमधल्या रोझपार्क केअर होमला ३१ जानेवारी २००४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास आग लागली आणि १४ वृद्धांचा मृत्यू झाला. आग एका कपाटात, विजेच्या वितरणपेटीपाशी सुरू झाली. अलार्म वाजला, पण आग कोणत्या विभागात आहे ते दाखवणाऱ्या पॅनेलवर दिसणारा विभाग इमारतीतला नेमका कोणता याचा कर्मचाऱ्यांना बोध झाला नाही. ते आग शोधत राहिले आणि अग्निशमन दलाला बोलावण्यात नऊ मिनिटे गेली. खोल्यांची दारे उघडी होती, त्यामुळे धूर थेट बिछान्यापर्यंत पोहोचला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लील-व्हेर्त इथल्या वृद्धनिवासाला २३ जानेवारी २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि ३२ जण दगावले. त्या इमारतीच्या नव्या भागात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, होते, जुन्या भागात नव्हते. त्यानंतर क्वेबेकने वृद्धनिवासांना स्प्रिंकलर बसवणे सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला.

या दोन घटनांत यंत्रसामग्रीचा भाग आहेच, पण मला रोझपार्कमधले पॅनेल अधिक छळते. अलार्म बसवलेला होता, वाजलाही. कागदावर तेवढे पुरेसे असते. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला, शक्य तर त्याच्या पाळीच्या वेळीच, पॅनेलसमोर उभे करते आणि एवढेच म्हणते: 'यावर चार नंबरचा दिवा लागला. आता मला तिथे घेऊन चला.' काही जण सरळ निघतात. काही जण पॅनेलशेजारचा नकाशा पाहतात, आणि तो नकाशा इमारतीत भिंत हलवण्याआधीचा निघतो. आगीची सराव-कवायत बहुधा सकाळी अकराला, सर्व कर्मचारी हजर असताना, चहाच्या आधी होते आणि नोंदवहीत 'कवायत समाधानकारक' असा शेरा येतो. दोन माणसांनिशी, अंधारात, झोपेतून उठलेल्या रहिवाशांसह तीच कवायत किती वेळात होते हे कोणी मोजलेले नसते. रहिवाशांना मध्यरात्री उठवू नये हे मला मान्य आहे, पण कर्मचाऱ्यांनी आपसांत, रिकाम्या व्हीलचेअर ढकलत ती करून पाहायला कोणाची हरकत असावी?

दारांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तपासणीत सर्वाधिक आढळणारी त्रुटी तिथेच असते. अग्निरोधक दार बंद असेल तरच उपयोगाचे. म्हणून त्याला क्लोझर असतो, जो दार आपोआप ओढून लावतो. प्रत्यक्षात त्या दाराखाली लाकडी पाचर ठोकलेली असते, कधी कुंडी ठेवलेली असते, कधी मुठीला दोरी बांधून ती कठड्याला अडकवलेली असते. तपासनीस येणार म्हटल्यावर पाचरी गोळा होऊन एका खोक्यात जातात. फरशीवरचे अर्धवर्तुळाकार ओरखडे आणि दाराच्या खालच्या कडेला पडलेली खाच मात्र तशीच राहते. त्रुटी लिहून पुढे जाणे सोपे आहे. परंतु पाचर कोणी आणि कशासाठी लावली हे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर असे मिळते की वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला ते जड दार उघडता येत नाही, एका हाताने दार धरावे तर वॉकर सुटतो आणि पडण्याची भीती असते. म्हणजे कर्मचाऱ्याने एक धोका टाळण्यासाठी दुसरा पत्करलेला असतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही रोजचा धोका आधी दिसला असता. यावर उपाय आहे: दार चुंबकाने उघडे धरून ठेवणारी आणि अलार्म वाजताच सोडून देणारी यंत्रणा, किंवा एरवी मोकळे फिरणारे आणि अलार्मच्या वेळीच ओढून लावणारे क्लोझर. त्याला पैसे लागतात. 'पाचरी वापरू नयेत' अशी सूचना लावायला कागद लागतो, म्हणून बहुतेक ठिकाणी सूचनाच लागते.

स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांच्या विभागात हाच पेच उलट्या बाजूने येतो. तिथे दार बंद राहावे अशी घरच्यांची मागणी असते, कारण माणूस भटकत बाहेर पडण्याची भीती असते. आणि आगीच्या वेळी मात्र तेच दार विनाअडथळा उघडले पाहिजे. अमेरिकेतल्या जीवनसुरक्षा संहितेत, म्हणजे इमारतींच्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत, ठरावीक अटींवर उशिराने उघडणाऱ्या कुलपांना मुभा आहे: दांडा दाबून धरला की साधारण १५ सेकंदांनी दार सुटते, आणि अलार्म वाजला की लगेच. अशा दाराची परीक्षा ते दाबून, सेकंद मोजूनच घ्यावी लागते. कंत्राटदाराचा दाखला मी नंतर वाचते.

पाण्याच्या बाबतीत नियमच एकमेकांच्या विरोधात उभे असल्यासारखे वाटतात. लीजिओनेला हा न्यूमोनियासारखा गंभीर आजार करणारा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वाढतो, म्हणून गरम पाणी टाकीत ६० अंशांवर साठवायचे. पण ६० अंशांचे पाणी जेमतेम पाच सेकंदांत प्रौढ माणसाची त्वचा गंभीरपणे भाजू शकते. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ असते आणि संवेदना कमी झालेली असली तर तो हात मागेही घेत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ४४ अंश धरली जाते आणि नळाच्या अगदी जवळ गरम-थंड मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवतात. नळाजवळ का, तर व्हॉल्व्हच्या पुढच्या नळीत कोमट पाणी साचून राहते आणि ती नळी जितकी लांब तितका जिवाणूला वाव जास्त. रिकाम्या खोल्या हा दुसरा विसरलेला कोपरा. रहिवासी रुग्णालयात जातो, खोली कित्येक आठवडे बंद राहते, नळात पाणी साचते. आठवड्यातून एकदा तिथले नळ सोडायचे असतात. नोंदवहीत ते सोडल्याच्या सह्या असतात. मी नळ उघडून थर्मामीटर धरते आणि पहिल्या काही क्षणांतले पाणी पाहते. ते तांबूस आले तर नोंदवहीतल्या सह्यांविषयी वेगळे बोलण्याची गरज उरत नाही.

औषधांच्या तक्त्याची पडताळणीही अशाच साध्या बेरजेने होते. २८ गोळ्यांचे पाकीट आले, दहा दिल्याच्या सह्या आहेत, म्हणजे १८ उरायला हव्यात. वीस उरल्या असतील तर दोन सह्या गोळी न देताच झाल्या. सोळा उरल्या असतील तर प्रश्न अधिक गंभीर. फ्रिजचे तापमान रोज २ ते ८ अंशांच्या दरम्यान असल्याची नोंद असते. पण कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर असेल तर आदल्या रात्री किती उतरले होते हेही समजते, आणि गोठून गेलेले इन्सुलिन निरुपयोगी असते.

बिछान्याच्या कठड्यांविषयी थोडक्यात. माणूस पडू नये म्हणून लावलेल्या कठड्यातच अडकून मृत्यू झाल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६मध्ये अशा फटींविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात डोके अडकू नये म्हणून १२० मिलिमीटरहून कमी फट असावी असे म्हटले आहे. गादी बदलली की ही फट बदलते, आणि गादी बदलल्याची नोंद बहुधा फक्त खरेदीच्या बिलात असते. कठडा ओलांडू पाहणारा माणूस अधिक उंचीवरून पडतो, हेही घरच्यांना समजावून सांगावे लागते.

वीज गेल्यावर काय होते, याकडे फ्लोरिडातल्या घटनेनंतर नियामकांचे लक्ष वळले. सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा चक्रीवादळानंतर तिथल्याच हॉलिवूड नावाच्या शहरातल्या एका नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि उष्णतेने अनेक रहिवासी दगावले, तेही रुग्णालय अगदी हाकेच्या अंतरावर असताना. पुढच्या वर्षी त्या राज्याने नर्सिंग होमबरोबरच सहाय्यक निवासांनाही पर्यायी वीजपुरवठ्याची आणि तापमान ८१ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सियसच्या वर जाऊ न देण्याची सक्ती केली. जनरेटर असणे वेगळे आणि भार घेऊन चालणे वेगळे. जनरेटर नुसता सुरू करून 'चाचणी यशस्वी' लिहिणे सर्वत्र चालते; इंधनाची बिले पाहिली की तो प्रत्यक्षात किती चालला ते समजते.

पूर्वसूचना न देता तपासणी करावी की देऊन, हा वाद जुना आहे. माझे मत पूर्वसूचनेविरुद्ध आहे, पण आंधळेपणाने नाही. सूचना दिली की कागद आणि माणसे दोन्ही जागेवर मिळतात, आणि नव्या संस्थेला तयारीच्या निमित्ताने शिकायलाही मिळते. परंतु पहिल्या तपासणीनंतरच्या भेटी सूचनेविना आणि काही भेटी तरी दिवस मावळल्यावर झाल्या पाहिजेत. तपासनीसांनाही कामाचे तास असतात, त्यांचीही संख्या अपुरी असते, हे मी जाणते. म्हणूनच रात्रीच्या एका भेटीसाठी दिवसाच्या दोन कागदी भेटी कमी झाल्या तरी चालतील असे मला वाटते.

त्रुटी आढळल्यावर संस्था सुधारणेचा आराखडा सादर करते. या आराखड्यात जवळजवळ प्रत्येक त्रुटीपुढे एकच वाक्य असते: 'संबंधित कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले आहे.' बेलला उशीर झाला, प्रशिक्षण. दाराला पाचर लावली, प्रशिक्षण. फेरीच्या खोट्या वेळा लिहिल्या, प्रशिक्षण. वीस खोल्यांना एकच माणूस असताना दर तासाला फेरी पूर्ण होत नाही, हे त्या माणसाला प्रशिक्षणाआधीच माहीत असते. असे वाक्य असलेला आराखडा मी आता परत पाठवते आणि तीन गोष्टी लेखी मागते: त्या पाळीत एकूण किती काम आहे, ते करायला किती मिनिटे लागतात आणि पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात त्या पाळीला किती माणसे दिसतील. पहिल्या दोन गोष्टींचे उत्तर आठवड्याभरात येते. तिसऱ्यासाठी बहुधा मालकांची बैठक घ्यावी लागते, आणि तोवर मी त्रुटी बंद झाल्याची नोंद करत नाही.